दुसरी ओळ

हरतालिकेच्या दिवशी सकाळी दहा वाजता माझ्या धाकट्या भावाचे गाणे प्रसिद्ध झाले. लांबी तीन मिनिटे चाळीस सेकंद, प्रकार इलेक्ट्रॉनिक पॉप. शब्द आमच्या पणजोबांचे, आवाज आईचा. मी त्या वेळी झाशीच्या सदर बाजारात, एका हिंदी दैनिकाच्या पुरवणी विभागात, माझ्या टेबलाशी होते.

पणजोबा देवळात पुजारी होते. त्यांनी रचलेली चार कडव्यांची प्रार्थना आमच्या घरी रोज दिवेलागणीला होते. प्रत्येक कडव्यात दोन ओळी, आणि ती दोघांनी म्हणायची असते. एकाने पहिली ओळ म्हणायची, तीत देवाला घरी बोलावतात. दुसऱ्याने दुसरी, तीत त्याला बसायला सांगतात. पहिली ओळ आईची होती, दुसरी वडिलांची. वडील रेल्वेत होते. ते ड्यूटीवर असत त्या दिवशी आई पहिली ओळ म्हणून दुसऱ्या ओळीइतका वेळ गप्प राही आणि मगच पुढे जाई. दोन्ही ओळी एकाच माणसाने म्हटलेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या.

वडील गेल्यावर दुसरी ओळ माझ्याकडे आली. अकरा वर्षे मी ती म्हटली. या काळात शहर पानाची जबाबदारी मला दोनदा देऊ केली होती. ते काम संध्याकाळी सुरू होते, म्हणून मी दोन्ही वेळा नाही म्हटले.

भाऊ बंगळूरला असतो. मोबाइलवरच्या खेळांना संगीत देणाऱ्या कंपनीत तो नोकरी करतो. मराठी त्याला सगळी समजते, बोलतो मात्र हिंदीच. दिवाळीला चार दिवस यायचा आणि दिवेलागणीच्या सुमारास बहुधा सीपरी बाजारात मित्रांकडे असायचा. गेल्या दिवाळीत चारही संध्याकाळी तो देवघरासमोर बसला, फोन मांडीवर ठेवून. रेकॉर्ड करू का, असे त्याने आधी विचारले होते. आम्ही दोघींनी हो म्हटले होते.

आषाढात त्याने कच्चे गाणे पाठवले. मी ते ऑफिसात हेडफोन लावून ऐकले. आधी आईचा आवाज, जवळजवळ एकटा, खाली एक मंद घुमणारा सूर. मग माझी ओळ. ती त्याने एकावर एक इतक्या वेळा चढवली होती की सभागृहभर बायका उभ्या राहून म्हणत आहेत असे वाटे. मागून ठोका सुरू होई. गाणे चांगले होते. मी तीन वेळा ऐकले. चार संध्याकाळी बसून त्याला त्या ओळीत जे ऐकू आले, ते मला अकरा वर्षांत ऐकू आले नव्हते.

मी फोन केला. देवासमोरची गोष्ट नाचायला द्यायची नसते, असे मी सांगितले.

"ताई, नाचने का गाना नहीं है ये. एक बार और सुन लो."

"ऐकलं. माझा आवाज काढ."

"आई ने तो हाँ कर दी है."

"आईचं आई बघेल. माझा काढ."

तो म्हणाला, "ठीक है. निकाल दूँगा."

मी दिलेले कारण श्रद्धेचे होते. ते खरे कारण नव्हते. माझ्यावाचून गाणे उभे राहणार नाही आणि तो पुन्हा विचारील, अशी माझी अपेक्षा होती. त्याने पुन्हा विचारले नाही.

गाणे आले त्या दिवशी दुपारी विभागप्रमुखांनी बातमी माझ्याकडे दिली. घर की खबर है, आप ही लिखिए, असे ते म्हणाले. लिहिण्याआधी मी तयार झालेले गाणे पहिल्यांदाच ऐकले. माझ्या जागी मौन असेल किंवा यंत्राचा सूर असेल, असे धरून चालले होते. तिथे आई होती. दोन्ही ओळी तिच्याच होत्या.

मी घरी फोन लावला. आईने सरळ सांगितले. जागा रिकामी वाटते, असे भाऊ म्हणाला होता. मी ऑफिसात असताना तिने स्वयंपाकघरात उभी राहून दुसरी ओळ म्हटली आणि त्याने ती बंगळूरहून फोनवर रेकॉर्ड करून घेतली. चार दुपारी सराव केला होता.

"मला सांगितलं नाहीस."

"तूच काढायला लावलंस ना गं."

ती रागावलेली नव्हती.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने गाणे ऐकून विचारले, मैडम, आपने क्यों नहीं गाया, गला बैठ गया था क्या. मला कोणी विचारलेच नव्हते, असे मी सांगितले. हे विधान चुकीचे होते.

बातमी एकशे दहा शब्दांची झाली. 'भावपूर्ण' आणि 'अनोखा' ही दोन विशेषणे मी लिहिली आणि काढली. ही प्रार्थना या घरात रोज आई म्हणते, असे वाक्य ठेवले. तिच्याबरोबर कोण म्हणते, ते लिहिले नाही. सव्वाचारला मजकूर पानावर गेला.

साडेसहाला मी नगऱ्याला घरी पोचले. आईने दिवा लावला होता. मी हातपाय धुऊन तिच्या डाव्या बाजूला बसले. तिने पहिली ओळ म्हटली. मी श्वास घेतला.

दुसरी ओळ आईनेच म्हटली. पुढची तिन्ही कडवी तिने तशीच म्हटली.