स्तंभावरच्या नावांवर रंगाचे दोन हात

आज झेंडावंदनाला आत्याला गाडीवर बसवून कुडव्याहून आमच्या गावी नेलं. चौकातल्या स्वातंत्र्यस्तंभावर तिच्या बाबांचं नाव कोरलेलं आहे. तिला आता दिसत नाही. दरवर्षी बोटांनी चाचपून ते वाचते.

पाहतो तर स्तंभावर जाड ऑइलपेंट. अक्षरं बुजून पार सपाट.

"दरवर्षी रंगाचा एकच हात मारतो, या खेपेला दोन मारले. चकाचक झाला ना भाऊ?" ग्रामपंचायतीचा शिपाई कौतुकानं म्हणाला. त्याच्यावर चिडू तरी कसा?

"बाबू, नाव सापडून नाही राहिलं मले," आत्या म्हणाली.

मी तिचं बोट अंदाजानं कुठल्याशा ओळीवर ठेवलं. "हे काय, इथंच."

ती हात फिरवत राहिली. मग हसली. "आहे ना अजून."

दगडावरचा ऑइलपेंट अक्षरं न झिजवता कसा काढतात, कुणाला माहीत आहे का?