टोपी काढून बसलेला पेन ड्राइव्ह

माझ्या पहिल्या पेन ड्राइव्हमध्ये एकशे अठ्ठावीस एमबी मावत, आणि त्याच्यासाठी मी एक वेगळी वही ठेवली होती. ड्राइव्ह संगणकाला लावला की एक रेघ मारायची, उघडला नाही तर रेघेवर फुली. बायको म्हणायची, "अहो, लेकीला किती वेळा ताप आला ते विचारलं तर सांगता येत नाही तुम्हाला. ह्या काडीची मात्र जन्मपत्रिका लिहिताय."

त्याला कारण होतं. मी ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत पावसाचे आकडे सांभाळायचो. ते तंजावूरला आणायला आधी फ्लॉपी होत्या, आणि माझ्या मोजणीप्रमाणे पन्नासातल्या अकरा फ्लॉपी बसच्या प्रवासातच बिघडल्या. पेन ड्राइव्हच्या वहीत दोन वर्षांत तीनशे एक्केचाळीस रेघा झाल्या आणि फुली एकच, तीही कचेरीतल्या संगणकाच्या चुकीमुळे. मध्ये एकदा तो शर्टाच्या खिशातून साबणाच्या बादलीत गेला. दोन दिवस उन्हात वाळवला आणि लावला तर चालला. तेव्हा मी वहीत लिहून ठेवलं: पाण्याने मरत नाही, ओला असताना वीज दिली तर मरेल.

ह्याच ड्राइव्हवर आत्याचं पुस्तक होतं. माझी आत्या मुलींच्या शाळेत तमिळ शिकवून निवृत्त झालेली, आमच्याच घरी राहायची. आमच्या घराण्यातले पदार्थ ती सांगायची आणि मी टाइप करायचो. भाषा आमची मराठी, पण अक्षरं तमिळ, कारण तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत देवनागरी वाचणारे मोजून चार. डांगर पचडीपासून आंबट भाजीपर्यंत एकशे बारा पदार्थ झाले. तिच्या ऐंशीव्या वाढदिवसाला येईल त्या प्रत्येकाच्या हातात पुस्तक द्यायचं ठरलं होतं. छापखान्याचे मालक म्हणाले होते, "सार, विजयादशमीला सकाळी आणून द्या. मशीनची पूजा झाल्यावरचं पहिलं काम म्हणून घेतो. त्यानंतर दिवाळीचं काम सुरू झालं की मशीन मोकळं मिळायचं नाही." वाढदिवस विजयादशमीनंतर सतराव्या दिवशी होता.

माझा नियम तीन प्रतींचा: एक संगणकात, एक सीडीवर, एक पेन ड्राइव्हवर. तो मीच मोडला. सीडी चौऱ्याहत्तराव्या पदार्थाला केली आणि पुढची करायची राहिली. नवरात्रात घरच्या संगणकाची हार्ड डिस्क गेली. दुरुस्तीवाला म्हणाला, आतलं काही हाती लागणार नाही. शेवटचे अडतीस पदार्थ आता फक्त ड्राइव्हवर होते. ते सांगायला आत्याला चार महिने लागले होते, आणि अलीकडे दोन पदार्थ सांगितले की तिला धाप लागायची. मी ठरवलं, विजयादशमीच्या आदल्या दिवशी सरस्वतीपूजेची सुट्टी आहे, कोपऱ्यावरच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये जाऊन सीडी करू. सरस्वतीपूजेला ब्राउझिंग सेंटरचे संगणकही पूजेलाच बसतात, हे माझ्या हिशेबात आलं नाही.

कुलूप बघून साडेनऊला घरी परतलो तर आत्याची पूजा आटोपत आली होती. आमच्याकडे त्या दिवशी पुस्तकं, वह्या, ज्या हत्याराने पोट भरतं ते हत्यार, सगळं देवीपुढे मांडतात, चंदन-कुंकू लावतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या पुनर्पूजेपर्यंत कोणी हात लावत नाही. लेकीची गणिताची पुस्तकं, माझी पावसाची वही, बायकोची कात्री, आणि सगळ्यांच्या वर पेन ड्राइव्ह. टोपण काढलेलं. लोखंडी तोंडावर ओल्या चंदनाचा जाड लेप, त्यावर कुंकू.

"आत्या, ह्याचं टोपण?"

"काढलं. टोपी घालून कोणी देवीपुढे बसतं का?"

"पण चंदन तोंडावर का लावलंत?"

"मग कुठे लावतात? तुला कुंकू मी पाठीला लावते का?"

बायकोने मला स्वयंपाकघरात ओढलं. "उचला तो. पुसा. मी बघते त्यांच्याकडे." मीही उचलायच्याच बेतात होतो. उचलायचा, धोतराला पुसायचा आणि शेजारच्यांच्या संगणकाला लावून बघायचा. तसं केल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

पण वहीतलं माझंच वाक्य आठवलं. वरचा लेप पुसता आला असता, आत मुरलेलं पाणी नाही. म्हणजे आज मला जे करावंसं वाटत होतं नेमकं तेच करायचं नव्हतं. उद्या सकाळी साडेसातला पुनर्पूजा, म्हणजे बावीस तास. ओलाव्याला तेवढे बास होतील, असा माझा अंदाज होता. आत्याचा नियम आणि माझा नियम एकाच जागी येऊन बसले होते. मी फक्त खिडकी उघडली आणि पंखा देवीकडे वळवला.

"एवढा वारा कशाला?" आत्या म्हणाली. "दिवा विझेल."

दिवा मी सरकवला. त्या दिवशी मी देवीला सात नमस्कार केले. लेक म्हणाली, "अप्पा, परीक्षा माझी आहे, तुमची नाही."

सकाळी पुनर्पूजा झाल्यावर आत्याने स्वतः ड्राइव्ह उचलून माझ्या हातावर ठेवला. लेप सुकून तडकला होता. जुन्या दातांच्या ब्रशने झाडला, माडाच्या झाडूच्या काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटने पुसला. मग ऑटो केली. आत्या आधीच चप्पल घालून उभी होती. काय झालंय ते तिला आम्ही सांगितलं नव्हतं.

छापखान्यात मालकांनी ड्राइव्ह लावला. काही झालं नाही. ड्राइव्हवरचा दिवाही लागला नाही.

"सार, हा गेलेला दिसतोय," मालक म्हणाले.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. "दुसरी प्रत आहे ना रे?"

"चौऱ्याहत्तरपर्यंत आहे."

ती खुर्चीवर बसली. चौऱ्याहत्तरानंतर काय काय आहे ते तिला पाठ होतं. तिच्या आईचे सगळे पदार्थ तिने शेवटी ठेवले होते.

"माझ्या चंदनाने गेला का?"

"आत्या, थांबा जरा."

मी ड्राइव्ह खिडकीच्या उजेडात धरला. तोंडाच्या अगदी आतल्या कोपऱ्यात तांदळाच्या कणीएवढा पिवळा खडा अडकला होता. मालकांकडून टाचणी घेतली, खडा हलकेच सोडवला, फुंकर मारली, पुन्हा पुसला. ओल उरू नये म्हणून दोन मिनिटं नुसता हातात धरून बसलो. मग म्हटलं, आता लावा.

हिरवा दिवा लागला. पडद्यावर खिडकी उघडली. मी फायली मोजल्या. एकशे बारा. बरोबर नेलेला तमिळ फाँट धरून एकशे तेरा. मालक म्हणाले, "झालं ना सार?" मी म्हटलं, नाही. शेवटच्या अडतीस एकेक करून उघडायला लावल्या. अडतीसही शाबूत होत्या.

मालकांना मराठीचा एक शब्द येत नव्हता, पण लिपी त्यांचीच. एकशे बाराव्या पदार्थाची पहिली ओळ त्यांनी मोठ्याने वाचली, शब्द कळत नसताना, अडखळत: उडदाचं पीठ तुपावर भाजायचं, वास घरभर सुटेपर्यंत. आत्याने मान डोलावली. "बरोबर," ती म्हणाली. "आई असंच सांगायची." मालकांना तिने ती ओळ आणखी एकदा वाचायला लावली.

परत येताना ऑटोत ती ताठ बसली होती. "बघितलंस?" ती मला म्हणाली. "देवीपुढे बसून आलेलं हत्यार ते. कसं जाईल?"

 सतराव्या दिवशी दीडशे प्रती घरात आल्या. त्या मी आणि बायकोने दोघांनी मोजल्या, आणि पहिली आत्याने स्वतःच्या हाताने चंदन-कुंकू लावून देवीपुढे ठेवली.

वहीत त्या सकाळच्या दोन रेघा आहेत. तीनशे बेचाळिसावीवर फुली आहे. तीनशे त्रेचाळिसावीपुढे लिहिलंय: बावीस तास वाळला, चालला. पुढच्या वर्षीच्या सरस्वतीपूजेला मी तीनही प्रती मांडल्या, पेन ड्राइव्ह टोपी काढून.