सगळ्या प्रश्नांना ‘न्हाई’

आईला जाऊन वर्ष होत आलं. तिच्या आजारपणातल्या सकाळीच मला जास्त आठवतात, आणि आठवून बरं वाटतं.

केमोसाठी आम्ही विंझरहून पुण्याला जायचो. तिथल्या नर्सनं माझ्या मोबाईलवर एक अ‍ॅप घालून दिलं. रोज सकाळी त्यात प्रश्न यायचे: उलटी, जुलाब, ताप, तोंड येणं. मी वाचायचे, आई उत्तर द्यायची, ते तिकडे नर्सला दिसायचं. ताप अंगावर काढलात तर जिवावर बेतेल, असं तिनं बजावलं होतं.

आई सगळ्यालाच “न्हाई” म्हणायची. कुणी विचारपूस केली की ‘बरं हाय’ म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. परक्याच्या पोरीपुढं सकाळी सकाळी रडगाणं कशाला? मीही तेच भरत गेले.

पाचव्या दिवशी नर्सचा फोन आला. “ताई, केमोनंतर कुणाला काहीच होत नाही म्हटलं की मला धास्ती वाटते. मावशींना द्या.”

मी स्पीकर लावला.

“मावशी, काल भाकरी किती खाल्लीत?”

“कुठली भाकरी बाई, टोचती तोंडात. कण्या पिते.”

“पांघरायला काय घेता?”

“दोन गोधड्या. लई हीव भरतंय.”

“एवढ्या उन्हाळ्यात?”

मी लगेच थर्मामीटर लावला, तर चांगलाच ताप. गाडी करून तसेच पुण्याला निघालो. चार दिवस सलाईनवर काढून आई सावरली.

नर्स मला म्हणाली, “मोबाईलमुळे काम वाढलं, पण चांगलंच आहे. एरवी हे पुढच्या केमोलाच कळायचं. फक्त पडद्यावर माणूस ठीकच दिसतं, म्हणून मी भाकरी विचारते.” मग आईला दटावलं, “मावशी, पुन्हा लपवलंत तर मीच येईन विंझरला राहायला.”

“ये की! कोंबडं कापते.”

पुढच्या केमोनंतर मी मोबाईल उघडायच्या आधीच आई म्हणाली, “लिही, तोंड आलंय. तळपाय जळत्यात.” मी लिहिलं. मग ती म्हणाली, “आन् कवा कवा लई भ्या वाटतं, ते कुठं लिहायचं?”

त्याला फॉर्ममध्ये जागा नव्हती. मी मोबाईल बाजूला ठेवला आणि तिच्याजवळ सरकले. त्या सकाळी आमचा चहा दोनदा झाला.