मैत्रिणीची मान

आमच्या वाडीत पानवेल आहे, त्यामुळे घरात चुना कायमचाच. चामखिळीवर सासूबाईंचं औषध ठरलेलं: पापडखार कालवलेला चुना, काडीच्या टोकाने. गावातल्या कितीतरी माना त्यांनी साफ केल्यात. म्हणून माझ्या अवघड जागी फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे मऊ दाणे उठले तेव्हा मी डॉक्टर सोडून त्यांच्याकडे गेले. "मैत्रिणीच्या मानेवर चामखीळ आलीय," म्हटलं. त्यांनी पानावर चुना दिला, माझ्याकडे नीट बघितलं नि म्हणाल्या, "मानेलाच लाव म्हणावं. नाजूक जागी नको."

पण मी पडले शहाणी. लावला. उशी तोंडात धरून रडले आणि दोन दिवस फेंगडी चालले. नवऱ्याला सांगितलं, रिक्षात आपटले.

तिसऱ्या दिवशी मुद्दाम नायगावला गेले, तिथे ओळखीचं कोणी भेटत नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि आधी चुन्यावरून झापलं. चामखिळीचं दुकानातलं औषधही तिथे लावायचं नसतं म्हणाल्या. मग शांतपणे सांगितलं, हे विषाणूमुळे होतं, शरीरसंबंधातून येतं. उपचाराने दाणे जातात, कधी परतही येतात, घाबरायचं नाही. बरं होईपर्यंत संबंध टाळा. पुढे निरोध वापरा, धोका कमी होतो, पण पुरता जात नाही, कारण निरोधाने न झाकलेल्या कातडीतूनही लागण होते. मिस्टरांनाही घेऊन या. मुलगी अकरा वर्षांची ना? तिला याची लस आत्ताच द्या, शरीरसंबंध सुरू होण्याआधी दिली तर सगळ्यात उपयोगाची.

यातलं माझ्या डोक्यात शिरलं ते एवढंच: संबंधातून. रिक्षाभर मी नवऱ्याच्या ऑफिसातल्या बायका आठवत होते.

घरी येऊन राजोडीला माहेरी जायची बॅग भरायला घेतली. सासूबाईंसमोर मी नवऱ्याला 'अहो' म्हणते, खोलीत 'तू'. त्या दिवशी खोलीत दार लावून विचारलं, "कोण आहे ती?"

दाण्यांचं, डॉक्टरीणबाईंचं सगळं ऐकून तो पलंगावर बसला. "आत्ता कोणी नाही. लग्नाच्या आधी होती एक. तुला सांगायची हिंमत झाली नाही."

"बारा वर्षं लपवलंस," मी म्हटलं. आणखीही पुष्कळ बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मला उलट काहीच विचारलं नाही त्याने.

तेच मला लागलं. कारण मी निघताना डॉक्टरीणबाई आणखी एक बोलल्या होत्या, ते आत्ता कुठे डोक्यात शिरलं. लागण झाल्यावर दाणे उठायला महिने लागतात, कधी वर्षंही. कोणाकडून आलं आणि कधी, हे सांगता येत नाही. भांडू नका.

आणि लग्नाआधी माझाही एक होता. पहिल्या नोकरीतला. मीही बारा वर्षं गप्पच होते.

गप्प बसून चाललं असतं. बॅग भरलेली होती, दोष त्याच्या माथी बसला होता. पण तो बिचारा खाली बघत बसलेला, आणि माझा त्याच्यावर जीव आहे, त्याला मी काय करू. सांगून टाकलं.

मला वाटलं, संपलं. मग त्याने विचारलं, "रिक्षात आपटलीस ते?"

"आपटले नव्हते. आईंचा चुना लावला. तिथे."

त्याने कपाळाला हात लावला. "म्हणजे बारा वर्षं आपण एकमेकांना चुना लावला, तेवढ्याने भागलं नाही तुझं?"

मला हसू फुटलं आणि हसताना इतकं झोंबलं की डोळ्यांतून पाणी आलं. त्याच्याही आलं, त्याला तर काही झोंबत नव्हतं.

सोमवारी आम्ही दोघं लेकीला घेऊन नायगावला निघालो. सासूबाई ओट्यावर पानं मोजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मैत्रिणीला म्हणावं, नवऱ्याला सोबत नेलंस ते बरं केलंस."