अठरा इंची चाकं आणि नवरदेवाची गाडी

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी काही लिहिलेलं म्हणजे अण्णांनी केळीच्या टेम्पोवर खडूनं घातलेला नंबर. त्यामुळे मी, नांदेडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा, चार लोकांनी वाचावं म्हणून लिहायला बसलो, हा आगाऊपणा वाटला तर तो आहेच. त्यातून विषय टायरचा. लोक आईवर लिहितात, गुरुजींवर लिहितात. पण माझी एवढी मोठी बेअब्रू आई किंवा गुरुजी या दोघांनीही कधी केलेली नाही, म्हणून नाइलाज आहे.

मला माझ्या मावसभावाच्या चाकांचा हेवा वाटत होता.

मावसभावाचं नाव मन्मथ. लातूरला त्याच्या वडिलांचं डाळीचं दुकान आहे. तो माझ्याहून तीन महिन्यांनी मोठा, आणि हे तीन महिने त्यानं मला कधी विसरू दिले नाहीत. लहानपणी त्याची सायकल गिअरची होती, माझी अण्णांची होती. दहावीला त्याला इतके मार्क पडले की आईनं माझ्या पासाचे पेढे वाटणं पुढं ढकललं. (ते अजून पुढंच आहेत.)

अशात गेल्या वर्षी अण्णांनी सेकंडहँड गाडी घेतली. उंच बांध्याची छोटी गाडी, कंपनीवाले जिला क्रॉसओव्हर म्हणतात. म्हणजे समोरून जीपसारखी दिसते आणि अर्धापूरच्या आमच्या गल्लीतही वळते. योगायोग असा की हीच गाडी, याच पांढऱ्या रंगाची, मन्मथकडे होती. जन्मात पहिल्यांदा आमची बरोबरी झाली. मग मी खाली बघितलं. आमच्या गाडीला लोखंडी चाकं होती, वर प्लास्टिकच्या टोप्या, त्यातली एक कंधारच्या रस्त्यावर कुठं तरी उडालेली. त्याच्या गाडीला अलॉय व्हील, सतरा इंची, आरशासारखी. त्यात मला माझा चेहरा दिसला. चेहरा बरा दिसत नव्हता.

"एका चाकाची टोपी कुठं गेली रे, गोविंदा?" मन्मथनं विचारलं.

"काढून ठेवलीय. हवा लागावी म्हणून."

"हाव का? मग बाकीच्या तिघींना गरम न्हाई होत?"

मी हसलो. हसताना पोटात जे दुखलं, ते लातूरपासून नांदेडपर्यंत थांबलं नाही.

एवढ्यात बसूमामाचं लग्न ठरलं. बसूमामा म्हणजे आमच्या दोघांच्या आयांचा सगळ्यात धाकटा भाऊ. तो उदगीरचा, मुलगी देगलूरची, लग्न देगलूरला. आता उदगीरहून नवरदेव कुणाच्या गाडीत बसून निघणार? हा प्रश्न बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. आमच्या नात्यात लग्नातलं वरण विसरतात, पण "बसूच्या लग्नात नवरदेवाची गाडी कुणाची होती?" हे वीस वर्षांनंतरही विचारतात. मामाला विचारलं तर तो म्हणाला, "दोन्ही भाचे मला सारखेच. बघू." त्या 'बघू'नं माझी झोप गेली. मामा बघणार असेल तर त्याला दिसलं पाहिजे, आणि आमच्या गाडीत दिसण्यासारखं काय होतं?

नेमके तेव्हाच टायर झिजले. अण्णा म्हणाले, "लग्नाच्या आधी नांदेडहून बदलून आण. तू शिकलेला हायस, त्याच्यावरचं इंग्रजी तुला वाचता येतंय. हायत तसलेच आण."

घरात पहिल्यांदाच माझ्या शिक्षणाला कुणी काम दिलं होतं. मी परीक्षेला केला नसेल एवढा अभ्यास केला. आमच्या टायरच्या अंगावर २१५/६० आर१६ असं लिहिलेलं होतं. त्यातला पहिला आकडा टायरची रुंदी. दुसरा, टायरची भिंत त्या रुंदीच्या किती टक्के उंच आहे तो. शेवटचा, आतली रिम किती इंची तो. हे सगळं मला पाठ झालं. पण हेव्यात एक आहे, पाठ झालेल्यातलं सगळं दिसत नाही. मला फक्त शेवटचा आकडा दिसत होता. मन्मथचा सतरा, म्हणजे माझा अठरा. (गणित माझा आवडता विषय आहे.)

दुकानातल्या चाचांनी आधी मला बघितलं, मग गाडीला.

"अठरा बसते की," ते म्हणाले. "चाक भायेरून तेवढंच ऱ्हाते. रिम मोठी झाली की टायर बारीक होते, बस. दिसायला एक नंबर. पर भैया, मग रस्ता कळते."

"कळू द्या," मी म्हणालो. शिकणाऱ्या माणसानं कळण्याला नाही म्हणू नये.

जुनी चाकं त्यांनी ठेवून घेतली, वर माझी सगळी शिल्लकही ठेवून घेतली, आणि मी राजासारखा अर्धापूरला आलो. अण्णा गाडीभोवती एक चक्कर मारून माझ्यापुढं उभे राहिले.

"टायर कुठंय?"

"हेच की, अण्णा."

"हे? हे तर चाकाला रबरी बांगडी भरल्यावाणी दिसून राहिलंय. हवा कुठं मावती ह्यात?"

"याला लो प्रोफाइल म्हणतात."

"म्हणू दे. तसलेच आण म्हणलो होतो ना मी?"

"टायर तसलेच हायत अण्णा, चाक वेगळं हाय."

अण्णांना हे उत्तर कळलं नाही. मलाही कळलं नव्हतं, म्हणून ते चाललं. आईनं मात्र चाकांकडं बघून "चकाकतंय की रे" म्हणत कुंकू लावलं आणि चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. लिंबाशेजारी टायर बारीक आणि टायरशेजारी लिंबू जाडजूड वाटत होतं. मी गाडी पुढं घेतली. आत बसून मला चारही लिंबं वेगवेगळी कळली.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी आणि अण्णा उदगीरला निघालो. आई पुढं बसनं गेली होती. कंधार सोडलं की प्रत्येक गावाला स्वतःचा गतिरोधक आहे, आणि काही गावांना दोन आहेत, कारण तिथं दोन पार्ट्या आहेत. अण्णांनी तळहातावर तंबाखू मळून तोंडाकडं नेली, ती कानापाशी पोहोचली.

"बैलगाडी परवडली," ते म्हणाले. "तिच्यात आदळलं तर माणूस बैलाला तरी बोलतंय. तुला काय बोलू?"

माझं लक्ष नव्हतं. रस्त्यावरच्या दुकानांच्या काचांत माझी चाकं फिरताना दिसत होती. कंबर दुखत होती, पण पोटातलं दुखणं थांबलं होतं.

उदगीरला मामाच्या दारात मन्मथ उभाच होता. तो चाकाजवळ उकिडवा बसला. बोटानं रिम टिचकावली.

"किती इंची?"

"अठरा."

तो उठला, पँट झटकली, आणि कारल्याची भाजी वाढल्यावर पाहुणा म्हणतो तसं "छान हाय" म्हणाला आणि आत गेला. माझ्या आयुष्यात मी पाहिलेलं ते सगळ्यात सुंदर दृश्य आहे.

संध्याकाळी मामाला महादेवाच्या दर्शनाला जायचं होतं. दारात दोन्ही गाड्या उभ्या. मामा घरातून निघाला आणि मन्मथच्या गाडीकडं न बघता, पाय जरा फाकून चालत, थेट माझ्या गाडीत येऊन बसला. चाकांचा प्रभाव, दुसरं काय? मी आरशातून मन्मथकडं बघत गाडी काढली.

पहिल्या गतिरोधकाला मामा म्हणाला, "महादेवा." मला वाटलं, भक्ती. दुसऱ्याला म्हणाला, "आई गं." मला वाटलं, आजीची आठवण झाली, लग्नात होतेच. मग बघतो तर मामा दारावरच्या कडीला दोन्ही हातांनी लोंबकळून, सीटपासून चार बोटं वर, तरंगत होता.

"थांबीव," तो म्हणाला.

"मामा, देऊळ लांब हाय अजून."

"चालत जातो. नवस हाय."

"कशाचा?"

"आत्ताच केलाय."

नवसाला काय बोलणार? मी गाडी उभी करून वाट बघत बसलो. बऱ्याच वेळानं समोरून मन्मथची गाडी आली. आत मामा होता, तोंड पाडून. मन्मथचं तोंड मात्र पडलेलं नव्हतं. नवस एकाच बाजूचा असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी गाडी झेंडूनं अशी मढवली की फक्त चाकं उघडी राहावीत. शेजारी मन्मथनंही तेच केलं होतं. तेवढ्यात मामा फेटा बांधून आला आणि त्यानं मला बाजूला घेतलं.

"गोविंदा, तू शिकलेला, समजदार. मन्मथ रात्रीपास्नं रुसून बसलाय. मी त्याच्या गाडीत जातो. मनाला लावून घेऊ नको बरं."

मी "हाव" म्हणालो. अठरा इंच घालूनही नवरदेव सतरावर गेला! मी गाडीत जाऊन बसलो आणि त्याला तिथं चढताना बघायला नको म्हणून डोळेच मिटून घेतले. शेजारी अण्णा म्हणाले, "बसू कुठं बसणार हाय?" मी म्हणालो, "जिथं त्याला चांगलं वाटंल तिथं."

देगलूरच्या रस्त्याला लागलो. मन्मथच्या मागच्या काचेवर फुलांचा पडदा होता, आतलं काही दिसत नव्हतं, पण मला सगळं दिसत होतं: मामा ऐटीत बसलाय, मन्मथ हसतोय, सतरा इंची चाकं हसतायत. नवरदेवाची गाडी पुढं असावी लागते, म्हणून मी मागं राहिलो. तर मन्मथनं वेग कमी केला. मला जवळून दाखवून जाळायचा विचार दिसत होता. मी आणखी हळू झालो. त्यानं गाडी जवळपास उभीच केली आणि खिडकीतून हात काढून मला पुढं जायची खूण केली. एवढी मग्रुरी! मी पण त्यालाच पुढं जायची खूण केली.

"हे काय करून राहिलात दोघं?" अण्णा म्हणाले. "लग्नाला निघालात का म्हशी चारायला?"

मागून वऱ्हाडाचा टेम्पो आला, मांडवात टाकायच्या गाद्यांनी भरलेला, आणि हॉर्न वाजवत आम्हा दोघांनाही ओलांडून गेला. त्यानंतर आम्ही दोघं शेजारी-शेजारी, एकमेकांकडं न बघता, सगळ्या रस्त्याचा ट्रॅफिक अडवत देगलूरला पोहोचलो.

मांडवाच्या दारात बँड सुरू झाला. मुलीकडच्या बाया आरतीचं ताट घेऊन पुढं आल्या. दोन नटलेल्या गाड्या बघून त्या थबकल्या. निम्म्या माझ्याकडं आल्या, निम्म्या मन्मथकडं गेल्या. मुलीचे आजोबा अर्धं तेलुगू बोलणारे. ते माझ्या खिडकीत वाकले.

"अल्लुडू एक्कडा? जावई कुठं हाय?"

मी मन्मथच्या गाडीकडं बोट दाखवलं. त्याच वेळी मन्मथनं माझ्या गाडीकडं बोट दाखवलं.

"तुझ्याकडं न्हाई?" तो म्हणाला.

"मला तर मामा म्हणला, तू रुसलास म्हणून तुझ्याकडं बसतो."

"मला म्हणला, तू रुसलास!"

बँडवाल्यांना कुणी थांबा म्हटलं नव्हतं, ते वाजवतच होते. अण्णा गाडीतून उतरले, सगळ्या पाव्हण्यांना हात जोडले आणि म्हणाले, "माफ करा. दोन गाड्या आणल्या, नवरदेव इसरला."

मुलीच्या आजोबांना खुर्ची द्यावी लागली. इतक्यात मांडवाच्या मागून गाद्या उतरवणाऱ्या हमालाचा आवाज आला, "मालक, ही गादी उचलंना झालीय. हिच्यात माणूस हाय."

सगळं वऱ्हाड तिकडं पळालं. टेम्पोत, सात-आठ गाद्यांच्या थरावर, बसूमामा फेटा-शेरवानीसकट पालथा झोपलेला होता. चेहऱ्यावर इतकी शांती होती की उठवायला जीव होईना. शेवटी थोरल्या मामांनी पाव्हण्यांना खरं सांगितलं. बसूला केसतोड, म्हणजे गळू, झाला होता. कुठं, ते त्यांनी सांगितलं नाही, फक्त म्हणाले, "बसायच्या जागी." काल दोन्ही भाच्यांच्या गाडीत बसून बघितलं, आणि सकाळी दोघांनाही गोड बोलून टेम्पो गाठला.

लग्न लागलं. मामा अक्षतांना उभा होता, फोटोला उभा होता, पंगतीलाही उभा होता. मुलीकडचे म्हणत होते, मुलगा किती नम्र आहे, कुणासमोर बसत नाही. मी आणि मन्मथ एकमेकांशेजारी जेवायला बसलो. "दोघांचीबी न्हाई," तो म्हणाला. "हाव, दोघांचीबी न्हाई," मी म्हणालो, आणि त्याला एक जिलबी जास्त वाढायला सांगितली. बरोबरीत सुटलो, यातच मला समाधान होतं.

ते आठवडाभर टिकलं. मग मामाचा फोन आला. आई बराच वेळ बोलली, फोन ठेवला आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "बरं वाटलं बसूला. आता सांगायला हरकत न्हाई. नवरदेवाची गाडी तुझीच ठरली होती."

"माझी? कवा?"

"तू टायर आणायला जायच्या आधीच. बस्ता बांधायला गेलो तवाच त्याला ते दुखणं सुरू झालं होतं. दोन्ही गाड्यांत बसला, मला म्हणला, ताई, मन्मथची गाडी लई आदळती, गोविंदाच्या गाडीत गादीवर बसल्यावाणी वाटतंय, मी तिच्यातच येणार. फक्त मन्मथला कळलं तर रुसंल म्हणून शपथ घातली मला."

"अगं, मला तरी सांगायचं."

"तुला सांगितल्यावर मन्मथला कळायला किती वेळ लागला असता?"

मी बाहेर जाऊन गाडीजवळ उभा राहिलो. म्हणजे आयुष्यात एकदाच मी मन्मथच्या पुढं होतो, आणि त्याच्या बरोबरीला यायला मी माझी सगळी शिल्लक खर्च केली.