बोटावरची शाई

आखातातल्या खोर फक्कानच्या बंदरात धनंजय कंटेनरचे नंबर टिपायचा. चौदा वर्षं त्याची खाट माझ्या खाटेला लागून, त्यामुळे मुंबईबाहेरच्या त्याच्या वडवली मतदारसंघाचा इतिहास मला नको असताना पाठ झाला. नव्वदला कोण किती मतांनी पडला, पंच्याण्णवला कुणाच्या बंडखोरीने कुणाचं फावलं, नव्याण्णवला नव्या टॉवरवाल्यांनी चाळीतल्या माणसाला कसं आपटलं. जेवताना सुरू व्हायचा. मी वैतागून म्हणायचो, "अरे बाबा, तू स्वतः एकदा तरी मत दिलंयस का?"

नव्हतंच दिलं. नव्वदला मतदान आठ दिवसांवर आलं असताना व्हिसा आला नि हा विमानात बसला. पुढच्या दोन्ही वेळा रजा मिळाली नाही. पण यादीत नाव होतं. दर निवडणुकीला आई फोनवर सांगायची, "आहे हो तुझं नाव, चारशे बारा नंबर." एकदा त्या रांगेत उभं राहून मत द्यायचं, एवढंच त्याला हवं होतं. दुसरी कसली हौस मी त्याच्यात पाहिली नाही.

दोन हजार चारला साठवलेली रजा घेऊन तो गेला. परत आला तर डाव्या तर्जनीवर शाई! मी ओरडलोच, "खलास! झालं एकदाचं!" खोलीतल्या रफिकला चहा टाकायला लावला. धनंजय खाटेवर बसला, बूट काढले नि म्हणाला, "नाव नव्हतं."

उन्हाळ्यात एक मास्तर यादी तपासायला घरोघर फिरत होते. आईने त्यांना खुर्ची दिली, सरबत दिलं, बंदरातला याचा फोटो दाखवला. "माझा धनू गल्फला असतो, चौदा वर्षं झाली, मोठ्या हुद्द्यावर आहे." परदेशी राहणाऱ्याचं नाव ठेवता येत नाही, म्हणून मास्तरांनी तिथेच रेघ मारली. आईला वाटलं, कौतुकाने लिहून घेतायत. मतदानाच्या दिवशी केंद्रावर तेच मास्तर भेटले, त्यांनीच हे सांगितलं.

"मग ही शाई?"

"आई दारात उभी होती, बोट बघायला. खिशात आपला कंटेनरवर लिहायचा मार्कर होता. मग रोज अंघोळ झाली की पुन्हा लावायचो."

मला त्या मास्तरांचा राग यायला हवा होता, निदान रडू तरी. काहीच आलं नाही. त्याच्याही तोंडावर काही नव्हतं. कोण निवडून आलं, मी विचारलं. त्याने चौकशीच केली नव्हती.

शुक्रवारी त्याच्या आईचा फोन आला. आवाज खोलीभर ऐकू येत होता. "शेजारच्या सुचित्राची गेली रे शाई. तुझी गेली का?"

त्याचं बोट केव्हाच साफ झालं होतं.

"नाही गं, आहे अजून," तो म्हणाला. फोन ठेवला, ड्युटीच्या शर्टातून मार्कर काढला आणि नखावर सावकाश रेघ ओढली.