आबाजींचा बिनविषारी साप

पाहुणा 'पुरे' म्हणाला की आमच्या यांचा हात आणखीच चालते. ताटावर हात आडवा धरा, बोटांच्या फटीतून तूप सोडतील. निघताना संत्र्यांची पिशवी वेगळीच. आमच्या सौंसर गावात श्रीधररावांकडं जेवाले येणारा माणूस सकाळपासून उपाशी राहते, आता बोला!

आमच्या लेकीची, मालतीची पोरगी केतकी, सहा वर्षांची, इंदूरले राहते. मागच्या दिवाळीत ती दोन दिवसांतच 'बोर हो रहा है' म्हणून आईच्या मागं लागली आणि गेली. तेव्हा जेवणावरचं मन उडालं यांचं. यंदा म्हणाले, "जयश्री, या खेपी पोरीनं सुट्टीभर राहिलं पाहिजे." आणि निघाले बाजारात, खेळ आणाले.

सौरभच्या दुकानात यांनी सगळे डबे उघडाले लावले. अक्षरांचा पट परीक्षेसारखा वाटला, परत ठेवला. नकाशाच्या पटावर सौंसर नव्हतं, तोही बाद. शेवटी बेरीज-वजाबाकीची सापशिडी पसंत पडली. "पण साप लय आहेत रे याच्यात," हे म्हणाले. सौरभ म्हणाला, "काका, सापाशिवाय सापशिडी कशी होईन?"

केतकी आली, पट मांडला. पहिल्याच डावात तिले साप लागला. हे लगेच म्हणाले, "राहू दे बेटा, हा बिनविषारी आहे." मग सुरू झाला आग्रह. "दोन घरं आणखी घे वं. एवढ्यानं काय होते? लाजू नको." स्वतःले शिडी लागली तर म्हणत, "माझे गुडघे दुखतात, मी नाही चढत." पोरगी प्रत्येक डाव जिंकली आणि शेवटी तिनं पट मिटवला. "आबाजी तो खेलते ही नहीं. मम्मी को फोन लगाओ."

मी यांना स्वयंपाकघरात ओढलं. "अहो, पोरगी खेळाले आली आहे, पंगतीले नाही. पटावर कायचा आग्रह करून राहिले?"

"हरली आणि रुसून गेली तर?"

"जिंकून तरी कुठं राहून राहिली आहे?" मले रागही आला होता आणि कीवही.

पुन्हा पट मांडला. केतकी सत्त्याण्णववर आली, फाशावर दोन पडले. नव्व्याण्णववर साप. यांचा हात पुढं गेला, मी मनगट धरलं. केतकीनं विचारलं, "आबाजी, ये वाला?"

यांनी हात मागं घेतला. "विषारी आहे, बेटा."

गोटी पार खाली आली. हे जिंकले आणि चोरी केल्यासारखे मान खाली घालून बसले. केतकीचे डोळे भरले. तिनं माझा फोन घेतला. "मम्मी, अभी लेने मत आना. पहले आबाजी को हराऊँगी, फिर आऊँगी."

तेव्हापासून ती रोज डाव मांडते. हे बेमानी करत नाहीत, फासा सरळ टाकतात, आणि नशिबानं अजून हेच जिंकून राहिले. पण काल केतकी पुन्हा सत्त्याण्णववर पोचली. मी यांच्याकडं पाहिलं. जन्मात पाहुण्याले कधी कमी न वाढणारा हा माणूस डोळे मिटून त्या नव्व्याण्णववरच्या सापाले हात जोडून राहिला होता.